चेहरा, वंशावळ आणि वारसा : जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कल्पितविश्वातील सरदार घराणी व वाचकांची पात्रनिवड

प्रास्ताविक :

कादंबरीचा वाचक पात्रांना मनोमन चेहरे देत असतो. ही क्रिया सर्वच कथनात्मक साहित्याच्या वाचनात घडते. तथापि अलीकडच्या काळात तिला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र रूप प्राप्त झाले आहे. अमुक पात्राची भूमिका अमुक नटाने करावी, अशी वाचकांनी आपल्यापरीने केलेली निवड म्हणजे ‘फॅन कास्टिंग’ किंवा वाचककृत पात्रनिवड होय. महाकाव्यसदृश अद्भुत कादंबऱ्यांच्या वाचकवर्गात तिच्याच जोडीने दुसरा एक छंद आढळतो. तो म्हणजे कल्पित राजघराण्यांच्या व सरदार घराण्यांच्या वंशावळी जुळवण्याचा. या दोन्ही गोष्टी हौशी वाचकांचा विरंगुळा आहेत असे समजून त्या बाजूला ठेवल्या जातात. प्रस्तुत लेखात जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेच्या आधारे या समजाची तपासणी केली आहे. या कादंबऱ्यांत चेहरा हाच वारशाचा पुरावा म्हणून वावरतो; म्हणून तेथे पात्राला चेहरा देणे ही क्रिया अर्थनिर्णयाचीच ठरते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. त्याचबरोबर या पुराव्यावर खुद्द लेखकाचा किती विश्वास आहे, हाही प्रश्न विचारावयाचा आहे.

वंशावळीचे स्थान :

अद्भुत कादंबरीला वंशावळीची जोड देण्याची प्रथा मार्टिन यांनी सुरू केलेली नाही. जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा अंतिम खंड १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या परिशिष्टांत राजवंशांचे वृत्तांत आणि हॉबिट कुळांचे वंशवृक्ष आहेत. परंतु दोघांच्या भूमिकेत मूलभूत भेद आहे. टोल्किन यांच्याकडे वंशावळ पात्राची योग्यता प्रस्थापित करते. ॲरागॉर्नचा वंश सिद्ध होणे आणि त्याचे राजपद न्याय्य ठरणे या तेथे एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. मार्टिन यांच्याकडे मात्र वंशावळ हा वादाचा विषय आहे. इंग्लंडमधील ‘वॉर्स ऑफ द रोझेस’ या नावाने ओळखला जाणारा पंधराव्या शतकातील गृहकलह आणि मॉरिस द्रुआँ यांची फ्रेंच राजघराण्यावरील कादंबरीमाला या आपल्या प्रेरणा असल्याचे मार्टिन यांनी वेळोवेळी सांगितले आहे. या दोन्ही ठिकाणी कोणाचा मुलगा कोण, या प्रश्नावर राज्ये उलथतात. तोच प्रश्न या कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी आहे.

मालेतील पहिली कादंबरी ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या अखेरीस घराण्यांची यादी परिशिष्टरूपाने दिलेली आहे. या यादीची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. प्रथम घराण्याचा प्रमुख, नंतर पत्नी, मुले, भाऊबंद आणि सर्वांत शेवटी पदरी असलेली माणसे, असा तिचा क्रम आहे. सरदारांच्या नावापुढे आईबाप येतात. लोहार, स्वयंपाकी, मोतद्दार यांच्या नावापुढे बहुधा केवळ त्यांचे काम येते. म्हणजे इतिहास कोणाला असतो आणि कोणाला नसतो, हे या परिशिष्टातच ठरून जाते.

ग्रंथातील ग्रंथ :

कादंबरीचे कथानकच एका वंशावळीच्या ग्रंथावर उभे आहे, ही गोष्ट वाचक सहसा विसरतात. राजाचा प्रधान जॉन ॲरिन मृत्यूपूर्वी ग्रँड मेस्टर मॅलिऑन याने रचलेला सरदार घराण्यांच्या वंशावळींचा एक जाडजूड, रुक्ष ग्रंथ वाचत होता. त्याच्या जागी आलेला एडार्ड स्टार्क तोच ग्रंथ मागवून घेतो. बरॅथिऑन आणि लॅनिस्टर या दोन घराण्यांत पूर्वी जेव्हा जेव्हा सोयरीक झाली, तेव्हा संततीचे केस काळेच निघाले, अशी नोंद त्यात आढळते. राजा रॉबर्ट बरॅथिऑनची राणी सर्सी हिची तिन्ही मुले मात्र सोनेरी केसांची आहेत. यावरून ती राजाची नव्हेत, हे एडार्ड ताडतो. त्याचे हे ज्ञान त्याच्या प्राणावर बेतते आणि पुढील साऱ्या यादवीचे तेच एक प्रमुख कारण ठरते.

या उलगड्याची दुसरी बाजू अधिक दारुण आहे. रॉबर्टच्या अनौरस मुलांचे केस काळे आहेत. लोहाराकडे उमेदवारी करणाऱ्या गेंड्रीच्या चेहऱ्यात एडार्डला तरुण रॉबर्ट दिसतो. बारा नावाची तान्ही मुलगी वेश्यागृहात जन्मलेली आहे. तिच्या केसांवरूनही तिचा बाप ओळखू येतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ क्लॅश ऑफ किंग्ज’ या दुसऱ्या कादंबरीत या बालिकेच्या हत्येचे वर्तमान येते. ज्यांच्याजवळ चेहरा आहे परंतु कागद नाही, त्यांना मारले जाते; ज्याच्याजवळ कागद आहे परंतु चेहरा नाही, तो जॉफ्री सिंहासनावर बसतो. वंशावळीचे राजकारण याहून थोडक्यात मांडणे कठीण आहे.

चेहऱ्याची साक्ष किती विश्वसनीय ? :

येथवरचे विवेचन वाचून असे वाटेल, की मार्टिन यांच्या विश्वात रक्त चेहऱ्यावर उमटतेच. परंतु लेखकाने हा नियम घालून देतानाच तो मोडलाही आहे. त्याची तीन उदाहरणे येथे पुरेशी ठरतील.

पहिले उदाहरण जॉन स्नोचे. लांबट चेहरा आणि करडे डोळे ही स्टार्क घराण्याची खूण त्याच्या ठिकाणी स्पष्ट आहे. एडार्डच्या औरस मुलांपैकी आर्या वगळता सर्वांवर आईच्या टली घराण्याची छाप आहे. त्यामुळे जॉन हा एडार्डचाच अनौरस मुलगा, याविषयी कोणाला शंका येत नाही. दूरचित्रवाणी मालिकेच्या २०१६ व २०१७ मधील पर्वांत तो एडार्डच्या बहिणीचा आणि रेगार टार्गेरियन या राजपुत्राचा मुलगा असल्याचे उघड झाले. प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांत हे स्पष्टपणे सांगितलेले नाही. पण तसे सूचन विपुल आहे. म्हणजे येथे चेहरा खोटे बोलत नाही, तो केवळ अर्धे सत्य सांगतो. आईची साक्ष देऊन तो बाप लपवतो.

दुसरे उदाहरण १९९८ मधील ‘द हेज नाइट’ या दीर्घकथेतील युवराज बेलॉरचे. तो टार्गेरियन सिंहासनाचा वारस आहे. परंतु आईकडून आलेल्या डॉर्न प्रांताच्या वळणामुळे त्याचे केस काळे आहेत. त्याच्या वारशाविषयी कायद्याने संशय नाही आणि गुणांनीही तो श्रेष्ठ आहे. तरीही रुपेरी केस म्हणजेच राजरक्त असे मानणाऱ्यांना तो पूर्णपणे आपला वाटत नाही.

तिसरे उदाहरण २०११ मधील ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’ या पाचव्या कादंबरीतील. निळ्या रंगाने केस रंगवलेला एक तरुण आपण रेगारचा मृत समजला गेलेला मुलगा एगॉन असल्याचा दावा करतो. त्याचे रूप टार्गेरियन घराण्याला साजेसे आहे. परंतु लिस या नगरात असे रूप सामान्य जनांतही आढळते, हे वाचकाला आधीच ठाऊक झालेले असते. साहजिकच येथे चेहरा काहीही सिद्ध करत नाही. २०११ ते २०१९ या काळात आठ पर्वांत प्रसारित झालेल्या मालिकेतून हे पात्र वगळण्यात आले, आणि त्याबरोबर हा महत्त्वाचा प्रश्नही गळला.

पात्रनिवड म्हणजे अर्थनिर्णय :

या पार्श्वभूमीवर वाचककृत पात्रनिवडीचे स्वरूप स्पष्ट होते. नट निवडताना वाचक केवळ रूप निवडत नाही. पात्राचे वय, त्याचे नातेसंबंध आणि त्याच्याविषयीची आपली सहानुभूतीही तो निश्चित करतो. व्यावसायिक निर्मातेही हेच करतात; फरक इतकाच, की त्यांचा निर्णय इतरांच्या कल्पनेवर लादला जातो.

कादंबरीच्या प्रारंभी एडार्ड सुमारे पस्तीस वर्षांचा आहे. मालिकेत ही भूमिका १९५९ मध्ये जन्मलेल्या शॉन बीन यांनी केली. त्यांचा अभिनय उत्तम आहे यात शंका नाही. परंतु या निवडीमुळे एक अर्थ बदलला. पंधरा वर्षांपूर्वीचे बंड विशी ओलांडू लागलेल्या तरुणांनी केले होते आणि त्या तारुण्यातील निर्णयांचे ओझे ते अद्याप वाहत आहेत, ही मूळ जाणीव मंदावली. तिची जागा प्रौढ, थकलेल्या पिढीच्या शोकांतिकेने घेतली. टिरियनच्या भूमिकेसाठी पीटर डिंकलेज यांचे नाव निर्मात्यांच्या मनात प्रारंभापासून होते. कादंबरीतील टिरियन कुरूप आहे, त्याचे दोन डोळे दोन रंगांचे आहेत आणि युद्धात त्याच्या नाकाचा मोठा भाग जातो. मालिकेत केवळ एक व्रण राहिला. त्यामुळे प्रेक्षकाला त्याच्यावर प्रेम करणे सोपे झाले. परंतु त्याच्या रूपाचा तिटकारा करणाऱ्या जगात वाचकही सामील आहे की काय, हा कादंबरीने विचारलेला प्रश्न सौम्य झाला.

‘फायर अँड ब्लड’ आणि संशयाचा लोप :

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘फायर अँड ब्लड’ हा ग्रंथ कादंबरी नसून टार्गेरियन घराण्याचा कल्पित इतिहास आहे. गिल्डेन नावाचा विद्वान तो लिहितो. त्याच्यासमोरील साधने परस्परविरोधी आहेत : धर्मगुरू युस्टेसचा वृत्तांत, मेस्टर मंकनचा ग्रंथ आणि मशरूम नावाच्या दरबारी विदूषकाच्या चावट आठवणी. मराठी वाचकाला येथे बखरवाङ्मयाची आठवण होणे स्वाभाविक आहे. बखरकाराचा पक्ष ओळखून मगच त्याची साक्ष घ्यावी, ही इतिहासाचार्य राजवाडे यांच्यापासून चालत आलेली सावधगिरी या ग्रंथाच्या वाचकालाही बाळगावी लागते.

या इतिहासातील कळीचा प्रश्न पुन्हा केसांचाच आहे. राजकन्या रेनीरा आणि तिचा पती लेनॉर वेलॅरियन हे दोघेही रुपेरी केसांच्या वंशातील. त्यांची तिन्ही मुले मात्र तपकिरी केसांची. ती हार्विन स्ट्राँगची असल्याची कुजबुज आहे. तथापि ग्रंथात लेनॉरची आई रेनिस हिचे केस काळे आहेत, कारण तिची आई बरॅथिऑन घराण्यातील होती. म्हणजे नातवंडांचे गडद केस आजीकडून आले असण्याची शक्यता उरते. इतिहासकार निर्णय देत नाही. वाचकाने तो द्यावयाचा असतो.

या ग्रंथावर आधारित ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ ही मालिका २०२२ मध्ये सुरू झाली. तीत कॉर्लिस वेलॅरियनच्या भूमिकेसाठी स्टीव्ह टूसाँ या कृष्णवर्णीय नटाची निवड झाली आणि सारे वेलॅरियन घराणे त्याला अनुरूप दाखवण्यात आले. यावर काही चाहत्यांनी संहितानिष्ठेच्या नावाने आक्षेप घेतला. त्यात वर्णद्वेषाचाही अंश होता. या आक्षेपाचे दोन भाग वेगळे करणे आवश्यक आहे. ज्या कथेत रूप हाच पुरावा आहे, तेथे रूपबदलाने पुराव्याचे वजन बदलते, हा भाग समीक्षेच्या कक्षेत येतो. परंतु विशिष्ट वर्णाचा माणूस सरदार दिसूच शकत नाही, हा भाग कादंबरीचा नसून आक्षेपकाचा आहे. किंबहुना रक्त, रूप आणि सत्तेचा अधिकार यांचे जे समीकरण मार्टिन संशयास्पद ठरवतात, तेच हा आक्षेपक प्रामाण्य मानून चालतो.

वास्तविक निर्णायक बदल दुसराच होता. मालिकेत रेनिसचे केसही रुपेरी आहेत. आजीचे काळे केस नाहीसे होताच नातवंडांच्या बाजूचा प्रमुख पुरावा नाहीसा झाला. वेलॅरियन घराण्याच्या नव्या रूपामुळे मुलांचे वेगळेपण अधिकच ठळक झाले. ग्रंथात जो संशय होता, तो पडद्यावर निश्चिती बनला. असे करण्यात लाभही आहे : सारे दरबारी डोळ्यांना दिसणारे सत्य नाकारतात आणि ते उच्चारणाऱ्यांच्या जिभा छाटल्या जातात, यातील दांभिकता पडद्यावर अधिक तीव्र होते. परंतु पुराव्याअभावी न्याय कसा करावा, हा ग्रंथाने उभा केलेला पेच मात्र सुटून जातो. ॲलिसेंटविषयीही असेच म्हणता येईल. ग्रंथात ती रेनीरेहून सुमारे नऊ वर्षांनी मोठी आहे. मालिकेत दोघी समवयस्क मैत्रिणी आहेत. सावत्र आईची कथा त्यामुळे दुभंगलेल्या मैत्रीची कथा झाली.

निष्कर्ष :

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. मार्टिन यांच्या साहित्यात वंशावळ ही केवळ सजावट नसून कथानकाची चालक शक्ती आहे. ती कोणाला इतिहास देते आणि कोणाला नाकारते, हे पाहिल्याशिवाय तिचे वाचन पूर्ण होत नाही.

२. रूप हा वारशाचा पुरावा आहे, असा नियम लेखक प्रथम मांडतो आणि नंतर जॉन, बेलॉर व एगॉन यांच्याद्वारे तो अपुरा ठरवतो.

३. वाचककृत पात्रनिवड ही त्यामुळे समीक्षेचीच एक अनौपचारिक रीत आहे. एलिओ गार्सिया आणि लिंडा अँटॉन्सन हे मुळात या मालेचे साक्षेपी वाचक. २०१४ मधील ‘द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर’ या इतिहासग्रंथाचे ते मार्टिन यांच्यासह सहलेखक झाले. वाचकांच्या या खटाटोपात किती अभ्यास असतो, याची यावरून कल्पना यावी.

४. मात्र ही रीत दुधारी आहे. संहितेतील संशय जपणारी निवड वाचन समृद्ध करते. संशय मिटवणारी निवड, मग ती चाहत्याची असो वा निर्मात्याची, ते संकुचित करते.

आपल्या वर्गांतील विद्यार्थी या कादंबऱ्या व मालिका आवडीने वाचतात, पाहतात. अमुक नट शोभतो की नाही, या त्यांच्या चर्चेला थिल्लर ठरवण्यापेक्षा ‘शोभतो म्हणजे काय, आणि हे ठरवले कोणी’ असा प्रश्न अध्यापकाने पुढे केला, तर कुलीनता, औरसता आणि वर्ण यांविषयीच्या रूढ कल्पनांची चिकित्सा तेथूनच सुरू होऊ शकेल. ज्या समाजात आडनाव आणि चेहरा पाहून माणसाची जागा ठरवली जाते, त्या समाजातील वाचकांना या चिकित्सेची गरज अधिक आहे.