स्नेहसंमेलनात गॅलिलिओ

शाळेच्या स्नेहसंमेलनात विज्ञानाला जागा द्यायची म्हणजे काय होते, हे आपण सारे जाणतो. एक भोंदू बुवा, नारळातून लाल पाणी काढणारा. त्याचे बिंग फोडणारा, पांढरा कोट घातलेला एक विद्यार्थी. आणि शेवटी सर्वांनी मिळून दिलेली घोषणा. बुवा कायम मूर्ख आणि कोटवाला कायम बरोबर. प्रेक्षकांतल्या मुलांना विचार करण्यासारखे काही उरतच नाही.

म्हणूनच बर्टोल्ट ब्रेख्त या जर्मन नाटककाराचे गॅलिलिओवरील नाटक शिक्षकांनी जरूर वाचावे. ते १९३८-३९ मध्ये लिहिले गेले आणि १९४३ मध्ये झुरिक येथे प्रथम रंगभूमीवर आले. पहिल्याच प्रवेशात, घर सांभाळणाऱ्या बाईंचा मुलगा आंद्रिआ याला गॅलिलिओ सूर्य व पृथ्वी समजावून देतो. तोंड धुण्याच्या भांड्याची तिवई हा सूर्य. आंद्रिआला खुर्चीसकट उचलून तो तिच्याभोवती फिरवतो. पण मुलगा हुशार आहे. खुर्ची आडवी फिरवली म्हणून ठीक, उभी फिरवली असती तर मी डोक्यावर आपटलो असतो, अशी त्याची शंका. मग सफरचंदात काडी खोचून पुढचे उत्तर येते. विद्यार्थ्याची शंका हेच इथे नाट्य आहे. नेपथ्याला खुर्ची, तिवई आणि फळ. कोणत्याही शाळेला परवडेल असा हा प्रवेश आहे आणि नाटकातला सर्वांत चांगलाही, असे माझे मत आहे.

संगीताचेही तसेच. प्रवेशांच्या आरंभी पद्ये येतात. त्यांना हान्स आइस्लर यांनी संगीत दिले. उत्सवाच्या प्रवेशात तर रस्त्यावरचा एक गवई गॅलिलिओचे मत गाण्यातून चौकात नेतो. आपल्याकडे हे काम एखाद्या शाहिराने केले असते! डफ-ढोलकीवर मुलांनीच ते करावे. ध्वनिमुद्रित गाण्यावर हातवारे करण्यापेक्षा त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

मात्र नाटक इतिहास म्हणून वाचू नये. गॅलिलिओची मुलगी व्हर्जिनिया यात लग्न मोडलेली, देवभोळी आणि अखेरपर्यंत बापावर नजर ठेवणारी दाखवली आहे. प्रत्यक्षात ती लहानपणीच मठात गेली, जोगीण झाली आणि १६३४ मध्ये, म्हणजे वडिलांच्या आठ वर्षे आधी, वारली. तिच्यावर हा अन्यायच आहे. शेवटी गॅलिलिओ स्वतःला दोषी ठरवतो, तेही १६३३ च्या खटल्यापेक्षा १९४५ च्या हिरोशिमाशी अधिक जोडलेले आहे. त्या स्फोटानंतर ब्रेख्तने आपल्या नायकाला अधिक कठोरपणे तोलले. नववीच्या मुलांना हा भाग जड जाईल. तो गाळावा, पण का गाळला ते त्यांना सांगावे.

ब्रेख्तने एक सोन्यासारखी संधी मात्र सोडली. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो हे ल्यूट या तंतुवाद्याचे वादक होते, आणि प्रयोगही करत. तारेवरचा ताण दुप्पट केला की स्वर एक सप्तक चढतो, ही पायथागोरसच्या नावावर चालत आलेली कथा त्यांनी तारांना वजने बांधून खोटी ठरवली आणि १५८९ मध्ये तसे छापले. त्यासाठी ताण चौपट लागतो, कारण कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. हा प्रयोग रंगमंचावर सहज करता येईल. एकाच जातीच्या, सारख्या लांबीच्या दोन तारा घ्याव्यात. एकीला एक किलोचे वजन टांगलेले राहू द्यावे, तो षड्ज. दुसरीला दोन किलो लावले तर तार षड्ज मिळत नाही, जवळपास तीव्र मध्यम मिळतो. सव्वादोन किलोंना पंचम आणि चार किलोंना तार षड्ज. संगीताच्या शिक्षकांना पेटी घेऊन शेजारी बसवावे. दोन किलोंचा स्वर कोणता, हे विज्ञानाच्या शिक्षकांआधी तेच सांगतील.