राणीला कुणी विचारलं?

बेलापूरच्या कोर्टाजवळ चहा पिताना ऑफिसातल्या एका मित्राने त्याच्या घटस्फोटाच्या संमती-अटींचा मसुदा माझ्यापुढे सरकवला. "तू रोज दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढतेस, जरा यातल्याही काढ." मुलगी चार वर्षांची. ताबा आईकडे, बाबांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी अकरा ते पाच, दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी. चूक काही सापडली नाही. फक्त आठ पानांत ती मुलगी स्वतः काहीच करत नव्हती. तिला नेलं जात होतं, आणलं जात होतं, भेटवलं जात होतं.

त्या रात्री मी 'उंबरठा' पुन्हा पाहिला. जब्बार पटेलांचा हा १९८२चा चित्रपट. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरचा, पटकथा विजय तेंडुलकरांची. आपण तो सुलभा महाजनची, म्हणजे स्मिता पाटीलची गोष्ट म्हणून पाहत आलो: घराबाहेर पडून महिलाश्रमाची अधीक्षक होणारी बाई, आणि तिने त्यासाठी मोजलेली किंमत. या वेळी मला तो ताब्याच्या खटल्यासारखा दिसला. गंमत म्हणजे नवरा वकील असूनही हा खटला कोर्टात कधी उभाच राहत नाही. त्याचा निकाल घरातच लागतो. सुलभा नोकरीच्या गावी जाते, छोटी राणी घरी राहते, जाऊबाई तिला सांभाळते. सुलभा परत येते तोवर राणीला जाऊबाईचा लळा लागलेला असतो.

चित्रपटाचं मोठं बळ इथे आहे. या जागी कुणी हातघाईचा प्रसंग घातला असता, मुलीला दोन्ही बाजूंनी ओढलं असतं. 'उंबरठा' तसं करत नाही. मूल कुणाचं हे रोजच्या जेवू-खाऊ घालण्यातून, वेणी घालण्यातून, झोपवण्यातून ठरत जातं, हे तो जाणतो. कायदाही याच्या फार लांब नाही. १८९०च्या पालक व पाल्य कायद्यानुसार अर्ज करायचा तो मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या न्यायालयात. आणि मुलाचं हित तोलताना त्याची बसलेली घडी मोडावी का, हा प्रश्न येतोच. घर आधी ठरवतं, कोर्ट पुष्कळदा त्यावर शिक्का मारतं.

पण कायद्याच्या भाषेत महाजनांच्या घरातली माणसं विचित्र दिसू लागतात. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणजे वडील, आणि 'त्यांच्यानंतर' आई; पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा मात्र सामान्यतः आईकडे. १९९९मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या 'नंतर'चा अर्थ 'अनुपस्थितीत' असा लावला, आणि मुलाबद्दल पूर्ण उदासीन असलेला बापही त्या अनुपस्थितीत बसवला. या कसोटीवर अनुपस्थित कोण? गावी गेलेली सुलभा आपल्याला सहज गैरहजर वाटते. सुभाष, म्हणजे गिरीश कार्नाड, रोज घरी आहे. पण राणीचं करते जाऊबाई. जिला कायद्यात नावच नाही, तिने सांभाळायचं, आणि घरी असणाऱ्या बापाला कुणी काही विचारायचं नाही. 'पोरीला टाकून गेली' हा सुलभावरचा आरोप मला म्हणूनच पटत नाही. ती गेली हे खरं. पण तो घरी असून किती होता, हे आपण मोजतच नाही.

तरीही चित्रपटाबद्दल माझी एक तक्रार उरते. शेवटी कॅमेरा सुलभाबरोबर रेल्वेत बसतो. राणी मागे घरी आहे, आणि तिच्या नजरेतून एकही प्रसंग नाही. आई जाताना तिला काय कळलं, परत आली तेव्हा ती परकी वाटली का, हे आपण आईच्या चेहऱ्यावरूनच ताडायचं. मूळ कादंबरीचं नाव 'बेघर'. बेघर कोण, याचं उत्तर आपण सुलभा असंच देतो. घर असलेल्या राणीबद्दल हा प्रश्न पडू शकतो, हे सुचत नाही. आई आणि बाप यांच्यात मूल म्हणजे एकाचं नुकसान, दुसऱ्याचा विजय, एवढंच उरतं. त्या आठ पानांतही तेच होतं.

कायद्याने निदान एक फट ठेवली आहे. त्याच १८९०च्या कायद्यात, समजून पसंती सांगण्याइतकं मूल मोठं असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकतं. ताब्याचे आदेशही कायमचे नसतात, परिस्थिती बदलली की बदलता येतात. चार वर्षांच्या मुलीला आज विचारणं कठीण, पण ती चारचीच राहणार नाही.

मी मसुद्याच्या शेवटी पेन्सिलीने एक ओळ लिहिली: मुलगी दहा वर्षांची झाल्यावर तिचं म्हणणं ऐकून भेटीचं वेळापत्रक पुन्हा ठरवावं. मित्राने ती दोनदा वाचली. "ती शनिवारी यायचंच नाही म्हणाली तर?" त्याने विचारलं.

पहिल्यांदाच त्या कागदावर तिने काहीतरी म्हटलं होतं.