छावणी आणि वस्ती

पॅलेस्टिनी साहित्य आपण वाचतो ते बहुधा विद्रोहाचे साहित्य म्हणून. आसरा घेतलेल्या देशातच यादवी पेटल्यावर निर्वासिताचे काय होते, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

लेबनॉनमध्ये १९७५ ते १९९० यादवी चालली. १९४८ साली घरदार गमावून आलेले पॅलेस्टिनी तिथे छावण्यांत राहत होते. बहुतेकांना नागरिकत्व नव्हते, अनेक व्यवसाय बंद होते. १९७६ मध्ये उजव्या ख्रिस्ती सशस्त्र गटांनी तेल अल्-झातर छावणीला वेढा घातला. पाणी आणायला गेलेल्या बायका गोळ्यांना बळी पडल्या. १२ ऑगस्टला छावणी पडली. सप्टेंबर १९८२ मध्ये इस्रायली सैन्य बाहेर उभे असताना फलांजिस्ट टोळ्यांनी साब्रा-शातिलात कत्तल केली. १९८५ ते १९८८ या काळात छावण्या कोंडल्या त्या अमल संघटनेने. ही संघटना मूसा सद्र यांनी १९७४ मध्ये उभारलेल्या 'वंचितांच्या चळवळी'तून निघालेली! शोषित तेवढे एक, ही आपली आवडती भूमिका या वेढ्यापाशी तपासून घ्यावी लागते.

महमूद दरवीश यांच्या 'विस्मृतीसाठी स्मृती' या गद्यकृतीत १९८२ च्या बैरुतमधला एक दिवस आहे. बॉम्ब पडत असताना निवेदकाला फक्त कॉफी करून प्यायची आहे. प्रस्थापित समीक्षा याला तपशिलाचे सौंदर्य म्हणेल. मला त्यात माणूस म्हणून जगण्याचा हट्ट दिसतो. चवदार तळ्याचे पाणी ज्यांनी हक्काने ओंजळीत घेतले, त्यांच्या वारसांना तो समजावून सांगावा लागत नाही.

तरीही दोन दुःखांची सरमिसळ नको. वाशीमहून हिंगोलीकडे जाताना पैनगंगा ओलांडली की मराठवाडा लागतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने तिथल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि दलित वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. हजारो बेघर झाले. या माणसांपाशी नागरिकत्व होते, मत होते, संविधान होते. नाव प्रत्यक्षात लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तेही 'मराठवाडा' शब्द सोबत ठेवून.

पॅलेस्टिनी कुटुंबे १९४८ मध्ये सुटलेल्या घराची किल्ली जपतात. गावाची ओढ त्यांच्या साहित्याच्या गाभ्याशी आहे. आमचा माणूस गावात असतानाच गावकुसाबाहेर होता. त्याने परतायचे ते कोणत्या गावात? म्हणून दलित साहित्यात गावाचा विरह येत नाही, गावाचा हिशोब येतो. हा भेद विसरून केलेली तुलना पोकळ ठरते.

माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. १९७८ माझ्या जन्माआधीचे. त्या वर्षीचे ठराव आणि मोर्चे कागदावर आले. पण घर जळताना कोणी काय उचलले, रात्र कुठे काढली, परतल्यावर पाणी कोणत्या विहिरीवर भरले, हे अजून बरेचसे तोंडीच आहे. ते सांगणारी माणसे आता सत्तरीकडे झुकली आहेत. दरवीशांवर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने वही घेऊन आधी त्यांच्यापाशी बसावे.