कणादाला विरुद्ध बाजूला बसवा

कार्लो रोवेली ‘रिअ‍ॅलिटी इज नॉट व्हॉट इट सीम्स’मध्ये क्वांटम ग्रॅव्हिटीकडे डेमोक्रिटसच्या अणूंपासून नेतात. पदार्थ कणांचा, तसं अवकाशही कणांचं: स्क्रीन दुरून सलग, जवळून पिक्सेल. सुंदर रस्ता, पण जरा गुळगुळीत. डेमोक्रिटसची पोकळी कणांची नव्हतीच. तिथे मला आणखी रेंगाळायचं होतं.

या सिद्धांताचा पाया १९८६मध्ये नव्या चलांनी घालणारे अभय अष्टेकर जन्माने शिरपूरचे. त्यामुळे कोल्हापुरात कुणी ही गोष्ट मराठीत सांगायला बसलं, की ‘आपल्याकडे होतंच’ म्हणत कणाद येणार. येऊ दे की! फक्त वैशेषिकांत परमाणू पृथ्वी, जल, तेज, वायूचे. आकाश मात्र अखंड, सर्वव्यापी. म्हणजे कणाद इथे पूर्वज नाही, विरोधी वकील आहे. मराठी पुस्तकात आधी त्यालाच बोलू द्यावं.