अजिंठ्याची नर्तिका आणि महाजनकाचा त्याग

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील नर्तिका दिनदर्शिकांवर व भेटकार्डांवर आपण अनेकदा पाहतो. अलंकारांनी नटलेली, कमरेत वळलेली ती आकृती आणि तिच्याभोवती बासरी, मृदंग व झांजा वाजविणाऱ्या स्त्रिया. मात्र ही आकृती भिंतीवरून सुटी काढून केवळ शृंगाराचा नमुना म्हणून तिची स्तुती करणाऱ्या रसिकांशी आमचा मतभेद आहे.

हे दृश्य महाजनक जातकाचे आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील हे लेणे बहुतेक अभ्यासक वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळातील मानतात. मिथिलेचा राजा महाजनक संसारातून विरक्त होत आहे. राणी सीवली त्याला परावृत्त करू पाहते. हे नृत्य त्या प्रयत्नाचाच भाग, असा अर्थ लावला जातो. पुढे त्याच भिंतीवर राजा तपस्व्याचा उपदेश ऐकतो आणि नगर सोडून निघतो.

येथे एक शंका रास्त आहे. अष्टशीलातील सातवे शील नृत्य, गीत व वादन यांपासून अलिप्त राहण्यास सांगते. मग भिक्खूंच्या निवासात नर्तिका कशासाठी? आमच्या मते उत्तर चित्राच्या रचनेतच आहे. नर्तिकेचे अंगप्रत्यंग गतिमान आहे, राजा मात्र निश्चल बसला आहे. नृत्य कुरूप रंगविले असते, तर त्याच्या त्यागाला मोल उरले नसते. सौंदर्य नाकारून नव्हे, तर ते पूर्णपणे जाणून घेऊन त्यापलीकडे जाणे, हा येथील धम्मविचार आहे.

तथापि चित्रकाराला आम्ही पूर्णतः निर्दोष मानीत नाही. राजाला कथा आहे, राणीला नाव आहे; नर्तिका अनाम आहे. राजा निघून गेल्यावर तिचे काय झाले, हे भिंत सांगत नाही. १९३६ साली मुंबईत बाबासाहेबांनी वाघ्या, मुरळी, जोगतिणी व देवदासी यांच्या सभेत त्या स्त्रियांना अपमानाचे जिणे सोडण्याचे आवाहन केले. तो वारसा सांगणाऱ्या आम्हांला हा प्रश्न टाळता येत नाही.

म्हणून अजिंठ्यास जाणाऱ्या उपासक-उपासिकांना आमची विनंती आहे : नर्तिकेपाशी अवश्य थांबावे, पण राजाची वाट शेवटपर्यंत पाहावी आणि परतताना तिचीही आठवण ठेवावी.