मोठे घर, थोडी माणसे : तीन मराठी नाटकांतील निवासाचा प्रश्न

प्रास्ताविक

घर मोठे आणि राहणारी माणसे थोडी असतील, तर त्यांनी लहान घरात जावे आणि मोठे घर गरजूंना मिळावे, हा विचार वरकरणी न्याय्य वाटतो. ब्रिटनमध्ये २०१२ च्या कायद्यान्वये एप्रिल २०१३ पासून सामाजिक गृहनिर्माणातील भाडेकरूंवर तो प्रत्यक्ष लागू झाला. शासकीय भाडे-साहाय्य घेणाऱ्या कुटुंबाकडे एक खोली जादा ठरली तर साहाय्यात १४ टक्के, दोन वा अधिक ठरल्या तर २५ टक्के कपात करण्यात आली. निवृत्तिवेतनाच्या वयाचे भाडेकरू त्यातून वगळण्यात आले.

आपल्याकडील कायद्याची दृष्टी वेगळी आहे. मुंबई भाडे कायदा, १९४७ आणि त्याची जागा घेणारा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या दोहोंत सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय जागेचा वापर न होणे हे निष्कासनाचे एक कारण आहे. परंतु जागा वापरात असूनही माणसे थोडी असणे हा दोष मानलेला नाही. घरमालकाला जागेची खरी गरज असेल, तर न्यायालय दोन्ही पक्षांच्या अडचणींची तुलना करते आणि कोणाचीच अडचण होणार नसेल तर जागेच्या केवळ एका भागाचा हुकूमनामा देते. म्हणजे खोल्यांच्या संख्येइतकाच माणसाच्या अडचणीचाही विचार येथे होतो. ही अडचण नेमकी कशाची असते, याचे उत्तर कायद्यापेक्षा साहित्यात अधिक स्पष्ट सापडते. त्या दृष्टीने तीन नाटकांचा येथे विचार केला आहे.

तीन नाटके, तीन घरे

वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) या नाटकाची चर्चा प्रायः वृद्धांची उपेक्षा आणि नटाची शोकांतिका या अंगांनी झाली आहे. निवासाच्या अंगाने पाहिले तर गणपतराव बेलवलकर हा स्वेच्छेने आपली जागा कमी करणारा माणूस आहे. तो सर्व काही मुलांना वाटून टाकतो आणि स्वतःसाठी कोणताही हक्क राखून ठेवत नाही. त्याची चूक औदार्याची नाही, हक्क न राखण्याची आहे. त्यानंतर मुलाच्या आणि मुलीच्या घरी तो आश्रित ठरतो. जागा सोडणे आणि जागेवरील हक्क सोडणे यांतील अंतर या नाटकाइतके ठळकपणे क्वचितच मांडले गेले असेल.

जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ (१९७३) मध्ये हक्काचा प्रश्न नाही. घर वृद्ध दांपत्याचेच आहे. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात. येथे मुलांची जागा रिकामी आहे असे म्हणता येत नाही, कारण ती वाट पाहण्याने भरलेली आहे. मुले परतण्याची आशा मावळते तेव्हा घराचे प्रयोजन संपते आणि नाटक आत्मघातापाशी येऊन थांबते. या दांपत्याला लहान घर देऊन त्यांचा प्रश्न सुटला असता काय? उत्तर नकारार्थी आहे; आणि मोठ्या घरानेही तो सुटत नाही, हेही तितकेच खरे.

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) मध्ये प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा प्रशस्त आहे, पण ढासळत आहे. तो सांभाळण्याची ऐपत नाही आणि सोडण्याची तयारी नाही, कारण प्रतिष्ठा त्याच्याशी बांधलेली आहे. याच वाड्यात शिकण्याची इच्छा असलेल्या प्रभाला आणि राबणाऱ्या चंदूला स्वतःचे म्हणावे असे स्थान नाही. खोल्या मोजून जागा मोजता येत नाही, हे येथे उलट बाजूने सिद्ध होते.

राजापूरच्या संदर्भात

राजापूर तालुक्यातील जांभ्याच्या, कौलारू घरांकडे पाहताना हे विवेचन पुस्तकी राहत नाही. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती. ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कर्ते पुरुष मुंबईत आणि घर वृद्धांच्या हाती, ही स्थिती या आकड्यांतून दिसते. ओटी, माजघर, पडवी असलेले घर आषाढात मोजले तर दोन माणसांचे, आणि भाद्रपदात मोजले तर पाय ठेवायला जागा नसलेले. शिमग्यातही तेच.

याच कुटुंबाची दुसरी बाजू मुंबईत आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. चाकरमान्यांच्या पिढ्या अशा खोल्यांत राहिल्या. तेथे जादा खोली सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. एकच कुटुंब गावी विरळ आणि शहरात दाटीने राहते. धोरण मात्र त्याची दोन स्वतंत्र घरे मोजते.

मर्यादा आणि निष्कर्ष

या नाटकांची एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. ‘संध्याछाया’ आणि ‘वाडा चिरेबंदी’ ज्यांच्याकडे घर आहे त्यांच्या बाजूने बोलतात. ज्याला घरच नाही तो तेथे बोलत नाही. तो पाहण्यासाठी दळवींच्याच ‘चक्र’ (१९६३) या झोपडपट्टीवरील कादंबरीकडे जावे लागते. एकाच लेखकाच्या या दोन कृती शेजारी ठेवून वाचल्याशिवाय मराठी साहित्यातील निवासाचा प्रश्न पूर्ण होत नाही. ‘नटसम्राट’ मात्र येथे एक पाऊल पुढे जाते. बेलवलकरांना अखेरीस आपलेपणा देतो तो बूटपॉलिश करणारा राजा, ज्याच्याकडे देण्यासारखी जागाच नाही.

तात्पर्य, मोठ्या घरातील थोड्या माणसांना लहान घर सुचवणे गैर नाही. गरजूंचा दावा खरा आहे. परंतु दंडाची भीती घालून केलेले स्थलांतर हे प्रोत्साहन नव्हे. नव्या घरावर निर्विवाद हक्क, ओळखीचा शेजार आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कुटुंबासाठी थोडी जागा, या तीन गोष्टींची हमी असेल तरच त्याला प्रोत्साहन म्हणता येईल. बेलवलकरांकडे यांपैकी पहिली गोष्ट नव्हती, आणि तेवढ्यानेच ते रस्त्यावर आले.