भ्रमणध्वनीवर लिहिलेला ग्रंथ

भ्रमणध्वनीवर दीर्घ लेखन होऊ शकते काय, असा प्रश्न साहित्यप्रेमी मंडळींत अधूनमधून निघतो. बहुतेकांचे उत्तर नकारार्थी असते. निरोप, शुभेच्छा, फार तर एखादी चारोळी, यांपलीकडे त्या इवल्या पडद्याची धाव नाही, असे मानले जाते. आमचे मत निराळे आहे आणि त्याला आधार आहे तो बेहरूझ बूचानी यांच्या ‘नो फ्रेंड बट द माउंटन्स’ (२०१८) या ग्रंथाचा.

बूचानी हे इराणमधील कुर्द पत्रकार. आश्रयाच्या शोधात ते २०१३ साली इंडोनेशियातून नावेने ऑस्ट्रेलियाकडे निघाले. तेथील सरकारने त्यांना पापुआ न्यू गिनीतील मानुस बेटावर नेऊन डांबले. गुन्हा नाही, खटला नाही आणि सुटकेची तारीखही नाही. कागदावर लिहावे तर झडतीत तो पहारेकऱ्यांच्या हाती लागण्याची धास्ती. म्हणून त्यांनी चोरून बाळगलेल्या फोनवर लिहिले आणि फारसीतील तो मजकूर तुकड्यातुकड्यांनी व्हॉट्सॲपवरून ऑस्ट्रेलियात पाठवला. मूनेस मन्सूबी यांनी ते तुकडे जुळवले आणि ओमिद तोफिगियान यांनी त्यांचे इंग्रजी भाषांतर केले.

ही हकीकत थक्क करणारी आहे, परंतु केवळ तिच्यासाठी ग्रंथाचे कौतुक करणे हा लेखकावर अन्याय ठरेल. कष्टाने लिहिलेले सारेच चांगले असते असे नाही. या पुस्तकाची पारख त्यातील शब्दांवरच व्हावयास हवी.

गद्य चालता चालता मध्येच काव्याच्या छोट्या ओळींत उतरते आणि पुन्हा गद्यावर येते. कुंपण, उकाडा, जनरेटरची घरघर, जेवणासाठी लागलेली रांग, ही चित्रे पुनःपुन्हा येतात. लहान पडद्यावर मागची प्रकरणे समोर पसरून ठेवता येत नाहीत. लेखकाला आपले सूत्र मनातच धरून ठेवावे लागते, आणि हे आवर्तन म्हणजे त्या सूत्राला मारलेल्या गाठी असाव्यात, असे आम्हांस वाटते. प्रारंभी ही पुनरुक्ती कंटाळवाणी भासते. हळूहळू ध्यानात येते की, कैद्याचा दिवसही असाच आहे. तेच कुंपण आणि तीच रांग.

पात्रांना बहुधा टोपणनावेच आहेत. रांगेत नेहमी पहिला असणारा ‘गाय’, थोराड बांध्याचा पण मवाळ असा ‘सौम्य राक्षस’. ग्रंथातील सर्वांत हृदयद्रावक प्रसंग आमच्या मते एका कैद्याच्या फोनचा आहे. त्याचा पिता मरणाच्या दारी असतो. पाळी सोडून एकवार फोन करू द्या, एवढेच तो मागतो. नियम पुढे करून त्याला नकार मिळतो आणि पिता जातो. जे यंत्र आपण दिवसभर बेफिकिरीने हाताळतो, त्याचे मोल या चार-दोन पृष्ठांत कळते.

ग्रंथात उणीव नाही असे नाही. या छळव्यवस्थेला ‘किरिआर्की’ ही संज्ञा जागोजागी लावली आहे. १९९२ साली ती घडवली एलिझाबेथ श्युस्लर फिओरेंझा या कॅथलिक बायबल-पंडित विदुषीने. ग्रीक ‘किरिऑस’ म्हणजे धनी, प्रभू. मिस्साविधीतील ‘किरिए’ हे त्याचेच संबोधन. संज्ञा समर्पक आहे खरी, पण जेथे प्रसंग स्वतःच बोलतो तेथेही ती आणल्यामुळे कथनावर प्रबंधाचे ओझे पडते. रांगेचे वर्णन वाचल्यावर तिचे तत्त्वज्ञान वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

हा ग्रंथ एकट्याचा आहे काय, अशी शंका कोणी घेईल. मराठी वाचकाला तिचे उत्तर अवघड नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी टिपून घेतली म्हणून आपल्यापर्यंत पोहोचली. बोल विनोबांचेच राहिले. येथेही वाणी बूचानींचीच आहे. मात्र पलीकडे विश्वासाचे हात नसते, तर ते निरोप निरोपच राहिले असते.

२०१९ च्या जानेवारीत या ग्रंथाला एक लाख ऑस्ट्रेलियन डॉलर्सचा व्हिक्टोरियन साहित्य पुरस्कार मिळाला. ज्या देशाने तो दिला, त्या देशात पाऊल ठेवण्यास लेखकाला मात्र मनाई होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते न्यूझीलंडला पोहोचले आणि २०२० साली तेथे त्यांना आश्रय मिळाला.

दीर्घ लेखनाला मेज, शांतता आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा लागतो, ही आपली समजूत या ग्रंथाने खोटी पाडली आहे. लागते ते सांगण्याजोगे काही, आणि ते वर्षानुवर्षे मनात धरून ठेवण्याची चिकाटी. ज्यांना इंग्रजी वाचता येते, त्यांनी हा ग्रंथ अवश्य मिळवावा. घरातील मूल फोनवर मान घालून बसलेले दिसले, तर रागावण्यापूर्वी पालकांनी एवढे विचारावे, बाळा, काय लिहितोस? कदाचित ते खरोखरच काही लिहीत असेल.